प्रश्न चर्चचे, उत्तरं सिनेगॉगची: आधुनिक ज्यू धर्मविचार कसा घडला

अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्या वाचताना ‘ज्युडिओ-ख्रिश्चन मूल्यं’ हे शब्द हमखास कानावर पडतात. भाषण करणारा नेता ते इतक्या सहज उच्चारतो, की जणू हे दोन धर्म पहिल्यापासून गुण्यागोविंदाने नांदत आले. थोडाफार इतिहास ठाऊक असलेला वाचक मात्र इथे अडखळतो. ख्रिस्ती राजांनी ज्यूंना १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलून दिलं. येशूला मारल्याचा ठपका पिढ्यानपिढ्या त्यांच्या माथी मारला गेला. मग या दोघांचा धर्मविचार एक कसा म्हणायचा?

तो एक नाही. पण पूर्ण वेगळाही राहिलेला नाही. गेल्या अडीचशे वर्षांत ज्यू विचारवंतांनी देव, श्रद्धा, उपासना आणि धर्मग्रंथ यांविषयी जे लिहिलं, त्याच्या मांडणीवर ख्रिस्ती विचाराची, त्यातही जर्मन प्रोटेस्टंट विचाराची दाट छाया आहे. ज्यू लेखक जिथे ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला बसला आहे, तिथे तर ती सर्वांत दाट आहे. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण एखाद्या धर्मावर ‘प्रभाव पडला’ म्हटलं की आपण लगेच नक्कल किंवा शरणागती असा अर्थ लावतो. इथे जे घडलं ते या दोन्हींत बसत नाही.

आधी पाया समजून घेऊ

१७०० साली फ्रँकफर्टमधल्या एखाद्या ज्यू व्यापाऱ्याला कुणी ‘तुमच्या धर्माची श्रद्धा काय?’ असं विचारलं असतं, तर तो बहुधा गोंधळला असता. ‘तुमचा धर्म काय करायला सांगतो?’ असं विचारलं असतं, तर त्याने दिवसभर सांगितलं असतं. काय खायचं, शनिवारी म्हणजे शब्बाथला कोणती कामं थांबवायची, लग्नाचा करार कसा लिहायचा, व्याज कुणाकडून घ्यायचं हे सगळं ठरवणाऱ्या नियमव्यवस्थेला हलाखा म्हणतात. ज्यू वस्तीचं स्वतःचं न्यायालय असे, स्वतःची करवसुली असे आणि नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याचा अधिकारही असे.

तालमुद या महाग्रंथातला एक विभाग कसा सुरू होतो पाहा. सणाच्या दिवशी कोंबडीने अंडं घातलं, तर ते त्याच दिवशी खायचं की नाही? शम्माय यांच्या घराण्याचे पंडित म्हणतात, खा. हिल्लेल यांच्या घराण्याचे म्हणतात, खाऊ नका. आणि मग पानंच्या पानं खल चालतो. आज घातलेलं अंडं कोंबडीच्या पोटात कालच तयार झालं होतं. काल जर शब्बाथ असेल, तर शब्बाथच्या दिवशी सणाची तयारी झाली असं होतं, आणि ते चालत नाही. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. पण एका पवित्र दिवसाचा दुसऱ्या पवित्र दिवसाशी संबंध काय, माणसाने न केलेली तयारीही तयारी धरायची का, असे खोल प्रश्न त्या अंड्यात दडलेले आहेत. ज्यू परंपरा देवाविषयी विचार करते ती अशी, नियमांच्या तपशिलातून.

ख्रिस्ती परंपरेचा बाज वेगळा. इ. स. ३२५ मध्ये निकेया इथल्या धर्मसभेने ‘आम्ही विश्वास ठेवतो की...’ असा मतांगीकार तयार केला. तिथून पुढे कशावर विश्वास ठेवायचा या मुद्द्यावर ख्रिस्ती जगात पंथ फुटत गेले. देव कसा आहे, माणसाचं तारण कशाने होतं, यावर पद्धतशीर सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्राला थिऑलॉजी म्हणतात. ख्रिस्ती धर्मात त्याला मध्यवर्ती जागा आहे.

ज्यूंनी असे सिद्धान्त कधीच मांडले नाहीत, असं मात्र नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीझने तेरा श्रद्धातत्त्वांची यादी केली. तो इजिप्तमध्ये राहत होता, अरबीत लिहीत होता आणि इस्लामी तत्त्वज्ञान कोळून प्यायला होता. म्हणजे शेजाऱ्याच्या विचारपद्धतीत स्वतःचा धर्म मांडून पाहणं ज्यूंना नवीन नव्हतं. पण त्याच्या यादीवर पुढची काही शतकं वाद होत राहिले आणि रोजचं ज्यू जीवन हलाखाभोवतीच फिरत राहिलं. अठराव्या शतकात मोडली ती ही घडी.

मेंडेल्सोनसमोर टाकलेला पेच

मोझेस मेंडेल्सोन १७४३ मध्ये देसाऊहून बर्लिनला आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे तो जर्मन तत्त्वज्ञांमध्ये नावाजला गेला. युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांना एक कोडं पडलं: इतका बुद्धिमान, सुसंस्कृत माणूस अजून ज्यू कसा? १७६९ मध्ये झुरिकच्या लाव्हाटर या धर्मोपदेशकाने ख्रिस्ती धर्माचं समर्थन करणाऱ्या एका पुस्तकाचा अनुवाद केला, तो मेंडेल्सोनला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेतच जाहीर आव्हान दिलं. यातले युक्तिवाद खोडून काढा, आणि ते जमत नसेल तर सॉक्रेटिसने अशा वेळी जे केलं असतं ते करा, म्हणजे ख्रिस्ती व्हा.

मेंडेल्सोन किती अडचणीत सापडला असेल याची कल्पना करा. ज्यूंना नागरिकत्व नव्हतं, बर्लिनमध्ये राहणंही सरकारी मेहेरबानीवर होतं. राज्यकर्त्यांच्या धर्माचं जाहीर खंडन करणं धोक्याचं आणि गप्प बसणं म्हणजे हार. त्याने त्या वेळी सभ्य शब्दांत वाद टाळला. पण १७८२ मध्ये एका निनावी पुस्तिकेने त्याला पुन्हा डिवचलं, तेव्हा पुढच्या वर्षी त्याने ‘जेरुसलेम’ हा ग्रंथ लिहून सविस्तर उत्तर दिलं.

ते उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. ज्यू धर्म कोणावर मतं लादत नाही, असं तो म्हणतो. देव आहे, तो न्यायी आहे ही सत्यं बुद्धीने कुणालाही कळतात, त्यासाठी सिनाय पर्वतावर काही प्रकट व्हायची गरज नव्हती. सिनायवर मोशेला मिळाला तो आचाराचा कायदा, तोही फक्त ज्यूंसाठी. म्हणून तारणासाठी कुणाला ज्यू व्हायला नको आणि ज्यूला ख्रिस्ती व्हायलाही नको.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याच ग्रंथात मेंडेल्सोन एक गोष्ट मान्य करतो: धर्म हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा मामला आहे आणि त्यात सक्ती नको. म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, वाळीत टाकण्याचा अधिकार सोडून द्यावा, असंही तो सुचवतो. धर्माची ही कल्पना प्रोटेस्टंट युरोपात वाढलेली होती. ज्या व्यवस्थेला आजवर न्यायालय होतं, कर होते, दंड होते, ती आता व्यक्तीच्या मनातली श्रद्धा झाली. पाळायची तर पाळा, नाहीतर कुणी विचारणार नाही. मेंडेल्सोन स्वतः शेवटपर्यंत काटेकोरपणे हलाखा पाळत राहिला. त्याच्या सहा मुलांपैकी चौघांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

बारा प्रश्नांची परीक्षा

परीक्षेत प्रश्नपत्रिका काढणारा एक आणि पेपर लिहिणारा दुसरा असतो. विद्यार्थ्याने उत्तरं कितीही स्वतःच्या बुद्धीने लिहिली, तरी कशावर लिहायचं आणि कशाला किती गुण हे प्रश्नपत्रिकाच ठरवते. ज्या धड्यावर प्रश्नच आला नाही, तो कितीही पाठ असला तरी उत्तरपत्रिकेत उतरत नाही. आधुनिक ज्यू विचारावर ख्रिस्ती प्रभाव पडला तो मुख्यतः असा.

फ्रान्समध्ये तर हे अक्षरशः घडलं. १८०६ मध्ये नेपोलियनने ज्यू पुढाऱ्यांची सभा बोलावून त्यांच्यापुढे बारा प्रश्न ठेवले. ज्यूंना अनेक बायका करता येतात का? न्यायालयाने न दिलेला घटस्फोट चालतो का? ख्रिस्ती माणसाशी लग्न करता येतं का? फ्रान्सला तुम्ही आपला देश मानता का? परक्याकडून व्याज घेण्याबद्दल तुमचा कायदा काय म्हणतो? मिश्रविवाहाच्या प्रश्नावर सभेने फार जपून उत्तर दिलं. असा विवाह दिवाणी कायद्याने वैध ठरेल, पण कॅथलिक धर्मगुरू जसे त्याला आशीर्वाद देणार नाहीत, तसे रब्बीही देणार नाहीत, असं त्यांनी कळवलं. रब्बी मुळात पंडित आणि न्यायाधीश. या उत्तरात तो नकळत पाद्र्याच्या शेजारी जाऊन बसला. १८०७ मध्ये त्या उत्तरांवर शिक्कामोर्तब करताना हेही जाहीर झालं, की ज्यू कायद्याचे दोन भाग आहेत: धार्मिक भाग कायमचा, राजकीय भाग जुन्या राज्याबरोबर संपलेला. जुन्या हलाखात अशी सरळ रेघ कुणी ओढली नव्हती.

सीझेनची घंटा

प्रभाव नुसता पुस्तकात राहत नाही, तो कानावर पडतो आणि डोळ्यांना दिसतो. हार्झ डोंगराच्या पायथ्याशी सीझेन नावाचं छोटं जर्मन गाव आहे. तिथे इस्राएल याकोबसन या धनाढ्य ज्यू गृहस्थाने १८०१ मध्ये एक शाळा काढली होती. १७ जुलै १८१० रोजी त्याने त्याच आवारात नव्या प्रार्थनामंदिराचं उद्‌घाटन केलं. छपरावर घंटा होती, आत ऑर्गन होता. मुलं जर्मन भाषेत स्तोत्रं गात होती. पाहुण्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशक बसले होते आणि याकोबसन स्वतः त्यांच्यासारखाच झगा घालून बोलायला उभा राहिला.

जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना म्हणजे गजबज असे. प्रत्येक जण आपापल्या लयीत पुटपुटतोय, डुलतोय, मध्येच कुणी शेजाऱ्याशी बोलतोय. आता सगळे रांगेत शांत बसले आणि एक जण प्रवचन देऊ लागला. १८१८ मध्ये हॅम्बुर्गला अशाच धर्तीचं मंदिर उभं राहिलं. त्याच्या प्रार्थनापुस्तकात जेरुसलेमला परतण्याच्या आणि यज्ञबली पुन्हा सुरू होण्याच्या प्रार्थनांना कात्री लागली. परंपरानिष्ठ रब्बींनी १८१९ मध्ये निषेधपत्रांचा संग्रहच छापला. मुलामुलींच्या श्रद्धेची जाहीर कबुली घेणारा ‘कन्फर्मेशन’ विधीही याच काळात सुरू झाला, आणि तो तर उघडपणे चर्चमधून आला होता.

यावर प्रशियाचा ख्रिस्ती राजा खूश झाला असेल असं वाटेल. झालं उलटंच. १८२३ मध्ये त्याने हुकूम काढला की ज्यूंनी उपासना जुन्या पद्धतीनेच करावी, भाषेत, समारंभात, प्रार्थनेत काहीही नवं आणू नये. सुधारून आकर्षक झालेला ज्यू धर्म सरकारला नको होता, ज्यूंनी बाप्तिस्मा घेतलेला हवा होता.

आता त्सुन्त्सची गोष्ट, जी मला या साऱ्या इतिहासात फार बोलकी वाटते. लिओपोल्ड त्सुन्त्स तरुणपणी बर्लिनच्या सुधारक मंडळींत प्रवचनं देत असे. जर्मन प्रवचन म्हणजे ख्रिस्ती नक्कल, असा आरोप होत होता. १८३२ मध्ये त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहून दाखवून दिलं, की सिनेगॉगमधलं प्रवचन हजारो वर्षांपासून ज्यूंचंच आहे आणि मिद्राश हे प्राचीन वाङ्मय त्या प्रवचनांतून घडलं आहे. ग्रंथ लिहायला भाग पाडलं ते चर्चशी झालेल्या तुलनेने. पण त्यातून जे हाती आलं ते अस्सल ज्यू होतं आणि ज्यू वाङ्मयाच्या आधुनिक इतिहासलेखनाचा पाया त्यातूनच घातला गेला.

धर्माचं ‘सार’ काय?

१८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात आडोल्फ फॉन हारनाक या प्रोटेस्टंट विद्वानाने ख्रिस्ती धर्माच्या सारावर व्याख्यानं दिली. ती पुस्तकरूपाने प्रचंड गाजली. देवाचं पितृत्व, मानवी आत्म्याचं अमोल मूल्य आणि प्रेमाची आज्ञा एवढंच येशूच्या शिकवणीचं सार, बाकी सगळा काळाच्या ओघात चढलेला थर, असा त्याचा सूर होता. ही येशूची प्रतिमा उजळून दिसावी म्हणून मागे काळा पडदा लावला होता तो परुश्यांचा, म्हणजे येशूच्या काळातल्या नियमनिष्ठ ज्यू पंथाचा. त्या काळचा ज्यू धर्म म्हणजे कोरडं नियमपालन, असं त्यात गृहीत धरलं होतं.

१९०५ मध्ये लिओ बेक नावाच्या तरुण रब्बीने उत्तरादाखल पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ज्यू धर्माचं सार’. एक देव आणि त्याची नैतिक आज्ञा, आणि ती आज्ञा कृतीने पुरी करणारा माणूस, हे त्याने मांडलेलं सार. नंतर त्याने हल्ला आणखी तीव्र केला. येशूचा प्रेषित पौल आणि प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर यांचा ख्रिस्ती धर्म भावनेत बुडून कृपेची वाट पाहत बसायला शिकवतो, ज्यू धर्म मात्र उठून काम करायला लावतो, असं तो म्हणे.

बेकचा आवेश खरा आहे आणि त्याचे अनेक मुद्दे आज ख्रिस्ती अभ्यासकांनाही पटतात. पण धर्माला एक ‘सार’ असतं आणि बाकीचं टरफल असतं, ही कल्पनाच हारनाककडून आली होती. सणाच्या अंड्यावर वाद घालणाऱ्या पंडितांना सार आणि टरफल असा भेद मंजूर झाला नसता. बेकने परीक्षा उत्तम दिली, पण पेपर हारनाकने काढलेला होता.

बेकचं पुढचं आयुष्यही सांगायला हवं. नाझी राजवटीत परदेशी निघून जायची संधी असूनही तो आपल्या लोकांबरोबर राहिला. १९३८ मध्ये त्याने शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारा ख्रिस्ती ग्रंथ, हा ज्यू श्रद्धेच्या इतिहासातलाच दस्तऐवज आहे, असं प्रतिपादन करणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. ज्या वर्षी जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, त्या वर्षी! १९४३ मध्ये त्याला नाझींच्या तेरेझिन इथल्या छावणीत नेलं. तिथल्या बंदिवानांना तो तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत असे. तो वाचला.

बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावरून

फ्रान्त्स रोझेन्त्स्वाइगची गोष्ट याहून निराळी. कासेलच्या सुखवस्तू ज्यू घरातला हा बुद्धिमान मुलगा. भोवतालचे नातलग आणि मित्र ख्रिस्ती झालेले. जुलै १९१३ मध्ये लाइपझिगला ऑयगेन रोझेनश्टॉक या ख्रिस्ती झालेल्या मित्राशी रात्रभर वाद झाला आणि रोझेन्त्स्वाइगने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. पहिले ख्रिस्ती लोक ज्यू धर्मातून आत आले, तसंच आपणही ज्यू म्हणूनच आत जावं, अशी त्याची अट होती. त्या ऑक्टोबरात बर्लिनमध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, तो सिनेगॉगमध्ये गेला आणि तिथेच त्याचं मन पालटलं, असं सांगितलं जातं. या नाट्यमय प्रसंगाबद्दल अलीकडच्या अभ्यासकांना शंका आहे. पण महिनाअखेरीस त्याने आपल्या नात्यातल्या एका ख्रिस्ती भावाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. विचार बदलला आहे, मी ज्यूच राहतो, असं त्यात आहे.

पहिल्या महायुद्धात मॅसेडोनियाच्या आघाडीवर असताना त्याने पोस्टकार्डांवर एक ग्रंथ लिहायला घेतला. १९२१ मध्ये तो ‘तारणाचा तारा’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो, ज्यू समाज हा ताऱ्याच्या गाभ्यातला अग्नी आणि ख्रिस्ती धर्म हे जगात पसरणारे किरण. ज्यू आधीच पित्यापाशी आहेत, बाकीच्या जगाला तिथे नेण्याचं काम ख्रिस्ती धर्माचं. सृष्टी, प्रकटीकरण आणि तारण या तीन खांबांवर त्याने ग्रंथ उभा केला. हे तिन्ही शब्द ज्यू ग्रंथांत आहेतच, पण त्यांची अशी सलग इमारत बांधायची सवय ख्रिस्ती थिऑलॉजीची. तरीही त्या ग्रंथातली सर्वांत जिवंत पानं ज्यू सणांच्या वर्षचक्रावरची आहेत, आणि तिथे कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई दिसत नाही.

‘पण ख्रिस्ती धर्मच ज्यू धर्मातून निघाला ना?’

हा आक्षेप रास्त आहे. मूळचं आपलंच परत आलं, तर त्याला प्रभाव कशाला म्हणायचं? अडचण अशी, की आज आपण ज्याला ज्यू धर्म म्हणतो तो रब्बींचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म, हे दोन्ही इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडल्यानंतरच्या काळात आकाराला आले. दोघांनी एकच प्राचीन वारसा दोन तऱ्हांनी वाचला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात चर्चकडून परतलं ते तेच जुनं राहिलेलं नव्हतं. संदेष्ट्यांचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांचं, उदाहरण घ्या. यशया, आमोस हे संदेष्टे ज्यूंचेच. पण ‘नियमांपेक्षा संदेष्ट्यांची नीती मोठी’ हा सूर सुधारक ज्यूंनी लावला तो प्रोटेस्टंट बायबल-अभ्यासाच्या प्रभावाखाली. त्या अभ्यासाने मोशेचा कायदा हा नंतरच्या, ऱ्हासाच्या काळातला ठरवला होता. सॉलोमन शेख्टर या ज्यू विद्वानाने १९०३ मध्ये अशा अभ्यासाला ‘उच्च दर्जाचा ज्यूद्वेष’ म्हटलं होतं. त्याचा राग समजण्यासारखा होता.

‘कट्टर परंपरानिष्ठ तरी यातून सुटले असतील?’

काही सुटले. पूर्व युरोपातल्या येशिव्हांमध्ये, म्हणजे तालमुदच्या पाठशाळांमध्ये, आणि हसीदी या भक्तिमार्गी पंथांत जर्मन थिऑलॉजीचा वारा फारसा शिरला नाही. बगदाद, येमेन, मोरोक्कोच्या ज्यूंचा संवाद इस्लामशी होता. जगातले बहुसंख्य ज्यू त्या काळी जर्मनीत नव्हतेच, हे विसरून चालणार नाही.

पण परंपरा जपण्यासाठीच आधुनिक जगात उतरलेल्यांना वळसा घालता आला नाही. सॅमसन राफाएल हिर्श हा सुधारकांचा कडवा विरोधक. त्याच्या सिनेगॉगमध्येही जर्मन प्रवचन होतं, पुरुषांचं गायनपथक होतं. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आधुनिक परंपरानिष्ठांचे गुरू योसेफ सोलोव्हेचिक यांनी १९६४ मध्ये बजावलं, की सामाजिक प्रश्नांवर ख्रिस्ती लोकांशी जरूर बोला, पण श्रद्धेच्या गाभ्यावर चर्चा नको, ती खासगी गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी श्रद्धावान माणसाच्या एकाकीपणावर दीर्घ निबंध लिहिला. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या निर्मितीच्या दोन कथा आहेत, त्यावरून त्यांनी जग जिंकणारा आणि देवापुढे एकटा उभा असलेला असे दोन आदाम रेखाटले. त्या दुसऱ्या आदामावर किर्केगार्ड या डॅनिश ख्रिस्ती विचारवंताची छाप स्पष्ट आहे. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. वाचन आणि वाटाघाट या निराळ्या गोष्टी आहेत. सोलोव्हेचिक यांनी दुसऱ्याची पुस्तकं मन लावून वाचली, पण आपली श्रद्धा देवघेवीच्या टेबलावर ठेवायला नकार दिला.

देहधारणेचा अवघड प्रश्न

सर्वांत पुढे गेला तो मायकेल विशोग्रोड. हाही परंपरानिष्ठ ज्यू, आणि स्विस प्रोटेस्टंट विचारवंत कार्ल बार्टचा मनापासून चाहता. देवाने येशूच्या रूपाने देह धारण केला हे ख्रिस्ती धर्माचं केंद्र, आणि ज्यूंच्या दृष्टीने हीच सर्वांत परकी गोष्ट. देव निराकार आहे, त्यामुळे असं घडणं अशक्य, असं ज्यू तत्त्वज्ञ सांगत आले. विशोग्रोडने १९८३ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं, की देवाला काय शक्य नाही हे ठरवणारे आपण कोण? बायबलमधला देव एका कुळाची, हाडामांसाच्या लोकांची निवड करतो, त्यांच्यात वस्ती करतो. तेव्हा ख्रिस्ती दावा तर्काने अशक्य आहे असं ज्यूंनी म्हणू नये. असं घडल्याचं आमच्या ग्रंथांतून आम्हाला दिसत नाही, एवढंच म्हणावं.

अनेक ज्यूंना हे फारच सलगीचं वाटलं. पण एक पाहायला हवं. बार्टकडून विशोग्रोड शिकला ते तत्त्वज्ञानापेक्षा पवित्र शास्त्राच्या शब्दाला प्रमाण मानायला, आणि त्या शिस्तीने तो जास्त ज्यू झाला. इस्राएलाची निवड हा विषय सुधारकांनी संकोचाने बाजूला ठेवला होता. तोच त्याने पुन्हा मधोमध आणला.

एकतर्फी वाहतूक नव्हे

उलट दिशेचा प्रवाहही मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात आब्राहाम गायगर या सुधारक रब्बीने येशू हा परुशीच होता असं मांडलं तेव्हा जर्मन विद्वान चवताळले. आज येशूचं ज्यूपण ख्रिस्ती विद्यापीठांत गृहीत धरलं जातं. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबरची ‘मी-तू’ नात्याची कल्पना १९२३ नंतर ख्रिस्ती विचारवंतांनी उचलून धरली. ज्यू विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी संदेष्ट्यांच्या अभ्यासातून माणसाच्या दुःखाने कळवळणाऱ्या देवाची कल्पना मांडली. जर्मन विचारवंत मोल्टमान यांनी १९७२ मध्ये क्रुसावरच्या देवाविषयी लिहिताना तिचा आधार घेतला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही असं जाहीर केलं. त्याआधी हेशेल स्वतः पोपना भेटून आले होते.

सप्टेंबर २००० मध्ये दीडशेहून अधिक रब्बी आणि ज्यू अभ्यासकांनी ख्रिस्ती धर्माविषयी एक सकारात्मक जाहीरनामा प्रसिद्ध केला. ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात, हा त्यातला पहिला मुद्दा. बायबलचे अभ्यासक जॉन लेव्हनसन यांनी त्यावर कडक टीका केली: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिरूप देव) आणि देहधारण बाजूला ठेवून ‘एकच देव’ म्हणणं हे मतभेद झाकणं आहे. मी लेव्हनसनच्या बाजूने झुकतो. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा गाभाच वगळून केलेलं कौतुक त्यालाही आवडू नये.

हॅम्बुर्गपासून मुंबईपर्यंत

हा धागा आपल्याकडेही पोचला. इंग्लंडमध्ये क्लॉड माँटेफिओरे या उदारमतवादी ज्यू विद्वानाने शुभवर्तमानांवर भाष्य लिहून येशूला थोर ज्यू शिक्षक म्हणून वाचलं. त्याची सहकारी लिली माँटेग्यू हिने १९०२ मध्ये लंडनला ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ सुरू केली. वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेलेल्या, कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड या चळवळीच्या संपर्कात आल्या. पुढे त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत त्याच नावाची संस्था उभी केली. रोडेफ शालोम हे सिनेगॉग त्या प्रयत्नातलं.

बेने इस्राएलांची ख्रिस्ती विचाराशी गाठ मात्र त्याआधी शंभर वर्षं पडली होती, आणि ती हॅम्बुर्गसारखी नव्हती. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे हे लोक शमा ही प्रार्थना, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम जपून होते. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, बायबल मराठीत आणलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता: आपलं शास्त्र वाचलं की हे लोक येशूकडे येतील. फार थोडे गेले. बाकीच्यांनी ती पुस्तकं घेतली, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून विधी शिकून घेतले आणि ते सिनेगॉगकडे वळले.

१८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तनं सुरू झाली. हरिदासांच्या कीर्तनाचाच घाट, साकी-दिंडीच्या चाली, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. ही आख्यानं छापूनही निघाली. त्या कीर्तनकारांपैकी कुणी हारनाक वाचलेला नव्हता, आणि आपल्या धर्माचं सार एका वाक्यात सांगा असं त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.